राजारामची तोटी

नंदाबाई वानखडेंच्या हातात पाण्याचा पेला दिला की त्या आधी तो खिडकीकडे धरतात, एक डोळा बारीक करून आरपार बघतात आणि मगच तोंडाला लावतात. ज्या घरी जातात त्या घरच्या बाईला राग येतो, पण नंदाबाईंचा इलाज नाही. भांडुपच्या कोल्ड्रिंकच्या फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी रिकाम्या बाटल्या बघण्यात गेली. धुतलेल्या बाटल्या पांढऱ्या दिव्यासमोरून सरकत जायच्या. आत स्ट्रॉचा तुकडा दिसला, झुरळ दिसलं, काठ टिचलेला दिसला की ती बाटली उचलायची. नुसती शंका आली तरी बाटली बाजूला, कारण द्यायचं नाही. हाच नियम त्यांनी पुढे बाजारातल्या वांग्यांना लावला आणि लेकीला आलेल्या दोन स्थळांनाही लावला. वांग्यांच्या बाबतीत त्या कधी चुकल्या नाहीत.

त्यांचा नवरा राजाराम त्याच फॅक्टरीत बाटल्या धुण्याच्या मशीनवर होता. बाटल्या आधी औषधाच्या कढत पाण्यात भिजायच्या आणि मग टप्प्याटप्प्याने स्वच्छ पाण्यात विसळल्या जायच्या. शेवटच्या विसळणीचं पाणी कोमट आणि नितळ असायचं, आणि ते सरळ गटारात जायचं. राजारामला ते बघवायचं नाही. त्याची वस्ती फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला लागूनच होती. अख्ख्या मुंबईचं पाणी भांडुपला शुद्ध होऊन पुढे जातं, पण टेकडीच्या उतारावरच्या त्या वस्तीला तेव्हा एकच सार्वजनिक नळ, आणि तोही मनात आलं तर चालणार. एका उन्हाळ्यात त्या नळाने अगदीच मान टाकली, तेव्हा राजाराम ते विसळणीचं पाणी मागायला मॅनेजरच्या केबिनबाहेर जाऊन उभाच राहिला. मॅनेजर मवाळ माणूस, कंटाळून हो म्हणाला.

"पण एक ऐक राजाराम, बाहेर पाणी फुकट वाहताना दिसलं तर त्याच दिवशी पाइप कापून टाकीन."

भिंतीला भोक पडलं, पाइप बाहेर आला, राजारामने स्वतः कुर्ल्याहून पितळी तोटी आणून बसवली. मॅनेजरची धमकी वस्तीने फारच मनावर घेतली. शेवटी जो भरेल त्याने तोटी घट्ट पिळायची आणि चार घरांना ऐकू जाईल असं "बंद!" म्हणून ओरडायचं, असा रिवाजच पडला. चंद्रप्रकाश नावाचा एक नवरदेव हळदीची अंघोळ करून ओरडायला विसरला, तेव्हा शेजारच्या माणिकबाईंनी त्याला मांडवातून परत बोलावून आणलं होतं. तोटी बंदच होती. पण तो ओरडला तेव्हाच पुढचं लग्न लागलं.

ते दिवस नंदाबाईंना अजून लख्ख आठवतात. दुपारची पाळी लागली की पाइपातून आधी गुरगुर ऐकू यायची आणि मग वाफाळती धार. प्यायचं नाही ते, एवढी ताकीद होती. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या पांढऱ्या साड्या त्या पाण्यात धुतल्या जायच्या आणि दोऱ्यांवर अशा फडफडायच्या की भिंतच दिसायची नाही. बाळंतिणी, म्हातारी माणसं, तापातून उठलेली पोरं, सगळ्यांची पहिली अंघोळ तिथलीच. नंदाबाईंची किरणसुद्धा जन्मल्यावर त्याच पाण्याने न्हाली.

आणखीही एक गोष्ट होती, ती नंदाबाई सहसा बोलत नसत. गावाकडे, अकोल्याच्या बाजूला, त्यांच्या आईला विहिरीत दोर टाकायची मुभा नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं, वरच्या कुणाला दया आली की त्याने उंचावरून ओतायचं. ती आई एकदा भांडुपला आली होती. तोटीपुढे बसली, तोटी उघडली, बंद केली, परत उघडली. "माझ्या हातानं?" असं तिने विचारलं. राजाराम म्हणाला, "मग कुणाच्या?" त्या दिवशी म्हातारीने तोटी कितीदा फिरवली याला सुमार नाही, आणि एकदाही कुणी तिला टोकलं नाही.

पोरांचा प्रकार वेगळाच. फॅक्टरीतून येणाऱ्या पाइपातून कधी ना कधी ऑरेंज येणारच, अशी त्यांची खात्री होती. किरण तर रोज आपला स्टीलचा छोटा पेला घेऊन तोटीखाली धरायची. राजाराम पाळी संपवून यायचा, पेल्यात डोकवायचा आणि फार गंभीर होऊन म्हणायचा, "आज नाही आलं. उद्या येईल."

पुढे मालक बदलले, फॅक्टरी परदेशी कंपनीने घेतली. राजाराम गेला. वस्तीत घरोघर नळ आले, जिने चढले, पोटमाळे झाले. पोरांना फ्रिजमधलं ऑरेंज मिळायला लागलं. तरी तोटी राहिली. रिक्षावाले रिक्षा धुवायला येत, माणिकबाई गुडघ्यांवर कोमट पाणी घ्यायला येत, आणि नंदाबाई काही काम नसतानाही येत. राजारामचा फोटो घरात होता, पण राजाराम त्यांना तोटीपाशीच भेटायचा.

आणि किरण? ती शिकली, इंजिनिअर झाली आणि त्याच फॅक्टरीत पाणी वाचवण्याच्या कामावर साहेब झाली. नंदाबाईंनी पेढे वाटले होते. त्याच किरणने एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून सांगितलं की शेवटच्या विसळणीचं पाणी आता बाहेर सोडायचं नाही. ते गाळून परत फॅक्टरीत फिरवायचं. पाइप बंद होणार.

"कोण करणार बंद?" नंदाबाईंनी विचारलं.

"मीच, आई. माझंच प्रोजेक्ट आहे."

"तुझी पहिली अंघोळ झाली त्या पाण्यानं."

"माहितीये गं. पण फॅक्टरीची बोअर बघ ना, दरवर्षी खोल जातेय. उन्हाळा असा वाढतोय की माल दुप्पट लागतो आणि पाणी अर्धं. परदेशातल्या ऑफिसातून विचारतात, एका बाटलीमागे किती पाणी घालवता? नाही कमी केलं तर प्लँटच उचलतील इथून. मग त्या पाइपात काय येणार?"

"आणि आमच्याकडून घेतलेलं?"

"कंपनी नगरकडे बंधारे बांधते ना. जेवढं घेतो तेवढं परत देतो."

"घ्यायचं भांडुपातून आणि द्यायचं नगरला! नगरच्या लोकांना मिळू दे गं, माझी ना नाही. पण आमच्या हातातलं काढून घेताना कुणी विचारलं का आम्हाला?"

नंदाबाईंना राग आला होता, आणि राग कशाचा तेच नीट ठरत नव्हतं, म्हणून तो जास्तच येत होता. पोरगी खोटं बोलत नव्हती. गटारात जाणारं पाणी ज्याला बघवलं नाही, त्या राजारामलाही हा हिशेब पटला असता. पण बाटली असती तर उचलून बाजूला ठेवता आली असती. पोटच्या पोरीला कुठे बाजूला ठेवणार? नंदाबाईंनी मग बोलणंच टाकलं. जेवण वाढायच्या, डबा भरायच्या, पण तोंडातून शब्द नाही.

कंपनीने मागच्या भिंतीवर मोठा निळा थेंब रंगवून घेतला. खाली लिहिलं, 'थेंब न् थेंब वाचवू या'. पेंटरने तोटीला मात्र ब्रश लावला नाही, ती बरोबर थेंबाच्या पोटात आली. माणिकबाई ते वाचून म्हणाल्या, "आता सांगतात होय! आपण काय इतकी वर्षं घसा फुकट फोडला?"

बंद करायच्या दिवशी दुपारी वस्तीतल्या सगळ्या जुन्या बायका हंडे घेऊन आल्या. घरी नळ असून आल्या. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी रडलं नाही. ओळीने भरत गेल्या. नंदाबाई शेवटी उभ्या होत्या. त्यांनी बादली भरली, आणि सवयीने तोटी पिळायला हात पुढे केला, तेवढ्यात मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

किरण होती. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि हातात तो स्टीलचा पेला. ती काही न बोलता उकिडवी बसली आणि पेला धारेखाली धरला. भरला, तशी आईकडे बघून म्हणाली, "आई, ऑरेंज आलं का गं?"

नंदाबाईंनी पेला घेतला, उजेडाकडे धरला, एक डोळा बारीक करून कितीतरी वेळ आरपार पाहिला. मग घसा खाकरून म्हणाल्या, "आज नाही आलं. उद्या येईल."

किरणने मान खाली घातली. नंदाबाईंनी तिच्या हेल्मेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जा. कामाची वेळ झाली."

किरण गेटातून आत गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे लोखंडाचा आवाज झाला. धार बारीक झाली, तुटली, पाइप एकदा गुरगुरला आणि गप्प बसला. बायका हंडे उचलून निघाल्या. नंदाबाई तिथेच होत्या. त्यांनी कोरडी तोटी दोन्ही हातांनी घट्ट पिळली, ओढून बघितली, आणि चार घरांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "बंद!"