फक्त पहिल्या फोटोतली आकाशगंगा

आयुधपूजेचा, तुमच्या खंडेनवमीचा, दिवस होता. तंजावुरातल्या आमच्या खगोलशास्त्र विभागातले सगळे संगणक पुसून ओळीनं मांडले होते. प्रत्येकाला गंध, कुंकू आणि झेंडूचं फूल. गच्चीवरची जुनी दुर्बीण, शिपायाची सायकल, सरांची मोटार, कुणालाही वगळलं नव्हतं. पुण्याहून एक मोठे शास्त्रज्ञ पाहुणे आले होते. सरांचा नवा शोधनिबंध ते वाचणार होते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चर्चा होती. मी माझा लॅपटॉप ओळीच्या शेवटी ठेवायला वाकले. तेवढ्यात सर म्हणाले,

"अगो, हे कशाला? कात्री आण तुझी. तुझं आयुध तेच की."

पाहुण्यांना काही कळलं नाही. मग सरांनी त्यांना समजावलं. मुलगी शिंप्यांची आहे. बापाचं कपडे शिवायचं दुकान आहे. अवकाश दुर्बिणीचे तुकड्यातुकड्यांतले फोटो ही असे जोडते की शिवण दिसत नाही. रक्तातच आहे ते, शिकवावं लागलं नाही.

पाहुणे हसले. पाहुणे हसल्यावर बाकीच्यांनाही हसावं लागलं. कुणीतरी माझ्या हातात सुंडलचा, उकडलेल्या हरभऱ्यांच्या प्रसादाचा, द्रोण ठेवला. मी एका हातात लॅपटॉप आणि एका हातात हरभरे घेऊन उभी. पाहुणे जवळ आले, म्हणाले, तुमचं इकडचं मराठी फार गोड वाटतं ऐकायला.

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण तो अपमान मराठीत झाला. तमिळ माझी शाळेची भाषा. इंग्रजी पोटाची. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले. आमच्या घरात ती दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. पण ज्यांनी वाचायला हवं त्यांना येते.

तंजावुरात आम्ही सगळे राव. सरही राव, आम्हीही राव. बाहेरच्या माणसाला वाटतं एकच गोत. पण दोन राव भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठले राव?" या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलं की समोरचा माणूस "हां, हां" म्हणतो आणि विषय बदलतो. सरांनी तो प्रश्न मला पीएच.डी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत विचारला होता. आकाशगंगांवरचे प्रश्न त्यानंतर आले.

माझं काम सांगते. अवकाशातली दुर्बीण एकाच जागेचे अनेक फोटो घेते, वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्या लावून. ते फोटो जगात कुणालाही उतरवून घेता येतात. ते स्वच्छ करायचे, एकमेकांवर अचूक बसवायचे आणि त्यांचं एक मोठं चित्र करायचं. त्या चित्रात सर आकाशगंगा शोधतात. जी सगळ्यात दूरची, ती फक्त सगळ्यात तांबड्या गाळणीत दिसते. बाकीच्या फोटोंत तिथं काळोख असतो. तशी एक सरांना सापडली होती. एवढासा फिका ठिपका, पण अख्खा निबंध त्याच्यावर उभा होता. त्या ठिपक्याबद्दल मला पहिल्यापासून शंका होती. मी विचारलं की सर म्हणायचे, तू जोड, बघायचं काम आमचं.

तीन वर्षं मी जोडत होते. निबंधाच्या वर चार नावं होती. त्यांत माझं नव्हतं. माझं नाव शेवटी, आभारात. चित्रं जोडायला मदत केल्याबद्दल. संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खाली.

मला वर नाव हवं होतं. खूप हवं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या एका नावावर माझं पुढचं सगळं ठरणार होतं. त्याशिवाय बाहेर कोण घेणार?

पूजेत ठेवलेल्या यंत्राला इकडे दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावत नाहीत. विभागातले सगळे संगणक त्या दिवशी देव झाले होते. माझाच लॅपटॉप तेवढा यंत्र राहिला होता. तो घेऊन मी टाउन बसनं अप्पांच्या दुकानात गेले.

अप्पांनी मशीन उघडून ठेवलं होतं आणि तेल घालत होते. शेजारच्या दुकानांत केळीचे खांब, माळा. आमच्याकडे देवाचं कॅलेंडरसुद्धा नाही. अप्पा तरुणपणी सभांना जायचे, तिथं वाटलेली, जातीविरुद्धच्या स्वाभिमान चळवळीची तमिळ पत्रकं घरी आणायचे. कपडे बेतायच्या फळीखाली त्यांचा गठ्ठा असे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या गठ्ठ्यावर. देवळाबद्दल, विहिरीबद्दल, पंगतीबद्दल. आकाशाबद्दल त्यांत काही नव्हतं. मला वाटायचं, तिथवर हे पोचत नसावं.

"सुंडल खाऊन आलीस की उपाशी?" अप्पांनी विचारलं. मी फळीवर लॅपटॉप उघडला. ते पुढं काही न विचारता तेल घालत राहिले.

मी जोडलेलं चित्र उसवलं. म्हणजे त्या तांबड्या गाळणीतले मूळ फोटो एकेक करून उघडले. पहिल्या फोटोत ठिपका ठळक. दुसऱ्यात फिका. तिसऱ्यात जवळजवळ नाही. आकाशगंगा अशी तासाभरात विझत नाही.

दुर्बीण दोन फोटोंच्या मधे जराशी सरकते. खरे तारे, खऱ्या आकाशगंगा तिच्याबरोबर कॅमेऱ्यावर सरकतात. हा ठिपका सरकत नव्हता. कॅमेऱ्याच्या त्याच जागी बसून होता. मग मी आमच्या आधी त्या दुर्बिणीनं काय बघितलं ते शोधलं. ते निरीक्षण दुसऱ्याच कुणाचं होतं, दुसऱ्याच देशातल्या माणसांचं. त्यांनी एक प्रखर तारा बघितला होता. बरोबर त्याच जागी. दिव्याकडे टक लावून बघितलं आणि डोळे मिटले तरी दिवा दिसत राहतो, तसं त्या कॅमेऱ्याचं होतं. सरांची सगळ्यात दूरची आकाशगंगा म्हणजे दुसऱ्यांच्या ताऱ्याचा राहिलेला ठसा.

मला आधी हसू आलं. मग सरांचं घर आठवलं, राजवाड्याजवळच्या गल्लीतलं. एकदा कागद द्यायला गेले होते. ओसरीवरच्या बाकावर बसले. उठले, तर सरांची आई तांब्या घेऊन आली आणि मी बसले होते तेवढ्या फळीवर पाणी शिंपडलं. सर तिथंच उभे होते, माझे कागद चाळत. या घरात बाकावर आधी कोण बसून गेलं ते नीट बघतात. कॅमेऱ्यावर आधी कोण बसून गेलं ते बघायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चेच्या आधी मी सरांच्या खोलीत गेले. तिन्ही फोटो त्यांच्यासमोर ठेवले. ते हुशार आहेत, मला फार बोलावं लागलं नाही. एकेक फोटो त्यांनी स्वतः मोठा करून बघितला. मग उठून दार लावून घेतलं.

आवाज एकदम मऊ झाला. आपली माणसं म्हणाले. तंजावुरातून असं काम पहिल्यांदा जातंय म्हणाले. पाहुण्यांनी निबंध वाचलाय, आता मागं घेतला तर आपल्या सगळ्यांचंच हसं होईल. तीन वर्षांत मी त्यांच्या 'आपल्यात' पहिल्यांदा आले होते.

मग म्हणाले, "दुसऱ्या नंबरला तुझं नाव घालतो. माझ्या लगेच खाली. ठिपका तेवढा राहू दे."

मी खोटं सांगणार नाही, माझा जीव हलला. दुसरं नाव. छापलेलं दिसलंसुद्धा मला. अम्माला दाखवताना बोट कुठं ठेवीन ती जागाही दिसली. आणि मग त्याची किंमत कळली. जे खरं काम होतं त्याला आभार. जे खोटं ठरेल त्याला माझं नाव. उद्या कुणी पकडलं असतं तर म्हणाले असते, जोडताना पोरीनं चूक केली.

"नाव नको," मी म्हटलं. "ठिपका काढा. आणि आभारातलंही माझं नाव काढा."

"कुणामुळं इथवर आलीस ते विसरू नको."

"नाही विसरत. ते दुकानात मशीन चालवतायत."

त्यांनी दार उघडलं. मी बाहेर पडले. चर्चेला सर उभे राहिले आणि ठिपका मोठा करून दाखवला. पाहुणे मान डोलवत होते. मी हात वर केला. त्यांनी बघितलं, बघून दुसरीकडे बघितलं. तेव्हा मी न विचारता उभी राहिले आणि म्हटलं, हा ठिपका फक्त पहिल्या फोटोत ठळक आहे, मूळ फोटो उघडा. कुणी उघडले नाहीत. सर म्हणाले, पोरीची तब्येत बरी नाही. या वेळी कुणी हसलं नाही. पाहुणे आपल्या वहीत बघत होते.

त्यानंतर माझ्या कामाच्या अहवालावर सरांनी सही केलेली नाही. मार्गदर्शक बदलायला दुसरा मार्गदर्शक लागतो. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी आधी सरांना विचारलं. अम्मा म्हणते, पाय धर. मी सगळं सांगितल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "शिकवणी घे पोरांची. पोट भरतं."

पदवी मिळेल की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही.

त्या ठिपक्यावरचं माझं टिपण तयार आहे. दोन पानांचं आहे. ते या आठवड्यात जाईल, सरांच्या परवानगीशिवाय, वर एकच नाव लावून. आणि ते गेल्यावर मी थांबणार नाही. सरांच्या आधीच्या निबंधांतले फोटोही सगळ्यांना खुले आहेत. कालपासून ते उतरवायला घेतलेत. तीन वर्षं मी जोडलेली चित्रंही त्यांत आहेत, तीसुद्धा सोडणार नाही. एकेक उसवून बघेन. जे खरं निघेल त्याला खरं म्हणेन, ते सरांचं असलं तरी. जे खोटं निघेल ते खोटं म्हणून छापेन. वर माझं पूर्ण नाव असेल. कुठले राव ते कुणाला विचारायचं असेल, तर त्यांनी आधी फोटो उघडून बघावेत.