धाकटीला कांजिण्या झाल्या तेव्हा
थोरली जाऊ घरी शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, मशीनवर कपड्यांचा ढीग आणि कमरेला रुमाल खोचलेला, कारण नाक कायम वाहतं. हवा जरा फिरली की हिच्या शिंका सुरू. धाकटी पाळणाघरात कामाला. दिवसभर शेंबडी पोरं तिच्या अंगाखांद्यावर. पण तिला साधा खोकला होईल तर शपथ!

"धाकटी म्हणजे लोखंडाची कांब," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "आणि थोरली? काचेचं भांडं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोघी एकाच घरात जेवतो, एकाच माठातलं पाणी पितो, मग ताकद तेवढी हिच्याच वाट्याला का? हिनंही एकदा अंथरूण धरावं, असं तिच्या मनात येऊन जाई.

आणि झालंही तसंच. पाळणाघरात कांजिण्यांची साथ आली. धाकटीला सणसणून ताप भरला, अंगभर पुरळ उठलं. खरं सांगायचं तर थोरलीला आधी बरंच वाटलं.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. "मोठेपणी हा आजार जड जातो. घरात आधी कुणाला कांजिण्या झाल्यात?"

दोघींच्या नवऱ्यांनी माना हलवल्या. सासूबाईंना काही आठवेना.

"मला," थोरली म्हणाली. "लहानपणी. चांगल्या भरभरून."

"मग तुम्हीच हिच्याजवळ बसा. बाकीच्यांनी लांब राहायचं."

"मी? अहो, समोरचा शिंकला तरी मला सर्दी होते!"

"सर्दीचे विषाणू पुष्कळ प्रकारचे. एकाला परतवतोय तोवर दुसरा दारात. आणि ताप, शिंका हा दुबळेपणा नव्हे, ती शरीराची झुंज असते. कांजिण्यांचा विषाणू मात्र तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी आधी पाहिलाय. त्यातल्या काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षं जपतात. तो पुन्हा आला की पाय रोवायच्या आत त्याला गाठतात. हिच्या पेशींना तो परका. त्याच्यावर नेमकं हत्यार घडवायलाच दिवस जातात, तोवर तो अंगभर पसरतो."

थोरलीची मान जरा ताठ झाली. पण खोलीत बसल्यावर पुन्हा पोटात दुखू लागलं. दीर सारखा दाराबाहेरून विचारतोय, सासूबाई गरम सूप दाराशी ठेवून डोळे पुसतायत. आपण पडलो की म्हणतात, "झालं हिचं सुरू!" आजारपणातही हिचाच तोरा!

धाकटी मात्र तळमळत होती. थोरली ओल्या फडक्यानं तिचं अंग टिपायची, खाजवायला लागली की दोन्ही हात धरून ठेवायची.

"ताई," धाकटी पुटपुटली, "तू आजारी पडलीस की भाऊजी तुझं डोकं चेपत बसतात. मला वाटायचं, आपल्यालाही एकदा ताप यावा."

थोरलीचा हात थांबला. "म्हणजे तू माझ्या सर्दीवर जळत होतीस?"

"हो ना."

"शहाणीच आहेस!" थोरलीला हसू फुटलं. हसताहसता तिनं फडकं पुन्हा पिळलं आणि या वेळी जरा हलक्या हातानं कपाळावर ठेवलं.

हळूहळू ताप उतरला, खपल्या धरल्या, गळल्या. भुवईशी एक व्रण तेवढा राहिला.

"किती शोभतो गं!" सासूबाई म्हणाल्या. "तीळच जणू."

थोरलीच्या कपाळावर तसले तीन होते. त्यांना आजवर कुणी तीळ म्हटलं नव्हतं.