कालव्याची ओटी

आमच्या खालच्या मजल्यावर ब्राझीलची एक मावशी राहायची, आणि खरं सांगते, देवाभुतांशी एवढा घरोबा असलेली बाई हॉलंडातल्या ह्या अख्ख्या आल्मेरे गावात दुसरी नसेल. भात करपला, चावी हरवली, की ती चिडायचीच नाही, म्हणायची सासीनं केलं, म्हणजे तिच्या देशातलं लाल टोपीचं, एका पायाचं पोरगं, लई खोडकर. त्याला गाठ दिसली की सोडवत बसल्याशिवाय राहवत नाही म्हणे, म्हणून मावशीच्या बाल्कनीत नुसत्या गाठी मारलेल्या दोऱ्या लटकलेल्या. तिला मराठी नाही, मला तिची भाषा नाही, डच दोघींचंही मोडकं, तर ती फोनमध्ये बोलायची आणि फोन मला मराठीत सांगायचा. बागेतल्या झाडाखाली ती चिमूटभर तंबाखू ठेवायची, तिथं उलट्या पावलांचा जंगलाचा राखणदार येतो म्हणून. आणि घरामागच्या कालव्यात तर तिची पाण्यातली बाई गाणी म्हणायची, पुरुषांना भुलवून आत ओढायची. काठावर गळ टाकून बसणाऱ्या डच आजोबांना मावशी रोज विचारायची, "घरी बायको आहे ना? मग खुर्ची मागं घ्या." ते बिचारे घ्यायचे.

मी हसायचे, पण त्या कालव्याचं भ्या मलाच जास्त. मला पोहता येत नाही, ह्यांची हॉटेलात कुकची नोकरी, दिवसभर बाहेर, आणि पोरगी सारखी पाण्याकडं धावणारी. इथं सगळ्या पोरांना पोहायला शिकवतात, कालव्यात पडलं तर निभावं म्हणून परीक्षेला कपड्या-बुटांसकट पाण्यात उतरवतात. ते ऐकून मी पोरीचं नाव घालायलाच तयार नव्हते.

मावशी म्हणली, "त्या बाईपेक्षा मोठी एक आई आहे पाण्याची. तिला आधी आरसा-कंगवा द्यायचा, मग लेकरू सोपवायचं."

म्हणजे ओटीच की. मला एकदम धीर आला. तिनं आरसा आणि लाकडी कंगवा आणला, मी खण-नारळ, आणि आम्ही दोघींनी कालव्याची ओटी भरली. नारळ तरंगत चालला, मी हात जोडले, आणि पुढं बसलेल्या त्या आजोबांनी जाळीनं तो उचलला, पुसला, चालत परत आणून दिला. "तुमचं पडलं वाटतं," म्हणाले.

मला रडूच फुटलं. देवीनं घेतलं नाही, आता पोरीला पाठवायचंच नाही. मावशीनं नारळ कानापाशी हलवून बघितला आणि फोनला काहीतरी सांगितलं. फोन म्हणाला, "आईच ती. आपण तिला वाढायला गेलो तर आधी पोरांनाच खायला लावणार." मग काठावरच्या दगडावर फोडला तो. आजोबांनाही खोबरं दिलं, त्यांनी जपून जपून खाल्लं. त्याच आठवड्यात मी पोरीचं नाव घातलं.

मावशी हिवाळ्यात ब्राझीलला लेकीकडं गेली, कायमचीच. काल पोरीची परीक्षा झाली. बाकीच्या आया फोनवर व्हिडिओ काढत होत्या, माझा फोन पिशवीतच राहिला. पोरगी बुटांसकट उतरली, पाण्याखाली गेली, आणि मी शेजारी वळले, कुणाचा तरी हात धरावा म्हणून, तर बाकावर नुसते लोकांचे कोट. मग मी पाण्यालाच हळू म्हणलं, "बघ गं बाई जरा तिच्याकडं."