धोंड्याच्या जावयाने जिंकलेला डाव

पत्त्यांच्या टेबलाला मी पुष्कळ मूर्ख पाहिलेत. पण नवाकोरा शर्ट, कपाळावर कुंकू आणि पोटात पुरण घेऊन बसलेला मूर्ख एकदाच पाहिला. तो माझ्या मित्राचा जावई. राहणार नांदेड.

आमचे पत्ते रमीचे नव्हेत. राक्षस, सैनिक आणि जादू छापलेले हे पत्ते बंद पाकिटांतून मिळतात. लातुरात आम्ही तिघं दर रविवारी खेळतो: मी, ज्याच्या घरी बसतो तो डाळमिलवाला मित्र, आणि क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे सर. नियम साधा. सुरुवातीला प्रत्येकाने सारखीच पाकिटं फोडायची, निघाले त्या पत्त्यांवरच सगळा हंगाम काढायचा. बाहेरून एकही पत्ता आणायचा नाही. जिंकणारा हरलेल्यांपैकी कुणाचाही एक पत्ता उचलतो. गेला तो गेला.

माझ्या पाकिटांत एक ओबडधोबड तपकिरी पत्ता निघाला होता, टोळधाड. हा टाकला की टेबलावरचं सगळ्यांचं सैन्य साफ! तीन-चार जणांच्या डावात असा पत्ता अमूल्य. आपण दीनवाणा चेहरा करून गप्प बसायचं, बाकीच्यांना फौजा उभ्या करू द्यायच्या आणि मग झाडू मारायचा. माझा सगळा हंगाम त्या एका पत्त्यावर उभा होता.

सरांना असलं काही जमत नाही. जगातल्या उत्तम डेकांच्या, म्हणजे खेळायला निवडलेल्या पत्त्यांच्या संचांच्या, याद्या त्यांना पाठ; हातात पत्ते भलतेच आले की ते अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखे घामाघूम होतात.

त्या रविवारी अधिक महिना चालू होता. धोंडे जेवायला आलेले जावईबापू पान उचलायच्या आत म्हणाले, "मामा, मी पण खेळतो. मी व्हिडिओ पाहून राहिलो ना."

त्यांनी पाकिटं फोडली आणि चमकणारे सगळे पत्ते उचलून डेक केला. पाचही रंगांचा! या खेळात प्रत्येक रंगाचा पत्ता टाकायला त्याच रंगाची ताकद साठवावी लागते. दोन रंगांवर टिकून राहावं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. व्हायचं तेच झालं. हातात पत्ते भरलेले, खेळता एकही येईना.

"पाहुणे, काही टाकणार का?" सरांनी विचारलं.

"माझा कंट्रोल डेक हाय सर, आधी थांबायचं, मग मारायचं. पेशन्स लागतो."

समोर एक प्यादं नसलेला हा महापुरुष दोन हल्ल्यांत आडवा झाला असता. मी मित्राला खूण केली. त्याच्याकडे तर सगळ्यात मोठी फौज.

"याड लागलं का?" तो कुजबुजला. "अधिकात जावयावर हात टाकू? ती आत ऐकून राहिली."

आतून वहिनींचा आवाज आलाच, "जावईबापूंना कुणी त्रास देऊ नका हां!"

मग मित्राने जावयाच्या वाट्याचे फटके आम्हा दोघांना दिले. मी टोळधाड टाकली, टेबल साफ केलं, पण त्याने पुन्हा फौज उभारली. आधी सर गेले, मग मी. उरले सासरा-जावई. मित्राने पत्ते मिटून हात जोडले.

"जिंकलात, जावईबापू."

"बोललो व्हतो ना," जावईबापू म्हणाले. "पेशन्स."

एकही पत्ता न खेळता जिंकलेला माणूस आता माझ्या पत्त्यांवर वाकला. त्याचं बोट टोळधाडीवर येऊन थांबलं.

"मी म्हणतो, तो तपकिरीच घ्या..." मित्राने तोंड उघडलं.

"मामा, तुम्हाला यातलं कळत न्हाई."

देवासारखा धावून आला तो माज! मी झडप घालून माझा सोनेरी ड्रॅगन छातीशी धरला. हा दिसायला राजा, पण खेळात उतरायला इतका महाग की माझ्या डेकात त्याला कधी जागाच मिळाली नव्हती.

"जावईबापू, पाया पडतो, एवढा सोडून काय पण घ्या!"

त्यांचे डोळे लकाकले. "हाच पायजे."

मी तो दोनदा मागे ओढून मग दिला. सर हळहळले. वहिनींनी मला पाणी आणून दिलं. रुमालाने डोळे पुसत मी टोळधाड खिशात घातली. डोळ्यांतलं पाणी खरं होतं. हसू दाबलं की येतंच.