कॅमेरा हुंकार देत नाही

सर्व लहानथोरांस, आणि विशेषतः शेलूबाजारच्या बस स्टँडवर रिकामे बसणाऱ्या मंडळींस, जाहीर कळविण्यात येते की येथील एका कटलरी दुकानदाराने, वय वर्षे चोपन्न, टिकल्या, बांगड्या आणि केसांच्या पिना विकता विकता चित्रपट काढण्याचे ठरविले आहे. दिग्दर्शक तोच, नट तोच, चहा करणाराही तोच. जनतेने शांतता राखावी.

जनतेने राखलीच. कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

तो दुकानदार मी. मला गोष्टी सांगायची खोड. गोष्टी तशा सहाच, पण मी त्या हातवारे करून, सगळ्या पात्रांचे आवाज काढून सांगतो. आणि आमच्याकडे गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला "हं" म्हणायचं असतं. त्याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असं धरून सांगणाराही थांबतो.

माझ्या घरी सव्वीस वर्षं हे काम बायकोनं केलं. भेंड्या चिरता चिरता, मान वर न करता, "हं." आणि मोक्याच्या जागी, "मंग?" सहाही गोष्टी तिला पाठ होत्या. एका गोष्टीत तर ती स्वतःच नवरी होती. तरी पुढं काय झालं ते ठाऊकच नसल्यासारखं विचारायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून माझी एकही गोष्ट पुरी झालेली नाही. गिऱ्हाईक टिकली घेतं आणि जातं. पुण्यात असलेली माझी मुलगी रविवारी फोन करते तेव्हा तिच्यामागे कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. एकदा तीच म्हणाली, "बाबा, गोष्टींचे व्हिडिओ करून ठेवा ना, मी सावकाश पाहीन." सावकाश म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. कधी का होईना, एक गोष्ट शेवटपर्यंत कोणीतरी ऐकावी एवढंच मला हवं होतं.

म्हणून वाशीमला गेलो. तिथं कॉम्प्युटर विकणारे एक भाई आहेत. पूर्वी लग्नांची शूटिंग करत, त्यामुळे कॅमेऱ्यातलंही त्यांना कळतं.

"मोबाइलवर काहून नाही करत, भाऊ? सारी दुनिया मोबाइलवरच करून राह्यली."

"मोबाइल मोकळा पाहिजे. पोरीचा फोन येते."

"रोज?"

"रविवारी."

भाईंनी कपाटातून दोन कॅमकॉर्डर काढले. एक खांद्यावर घ्यायचा, तोफेएवढा. मी तो खांद्यावर चढवला आणि आरशात पाहिलं. जिल्हाधिकारीसुद्धा वाट सोडतील असा रुबाब होता.

"उतरवा, उतरवा. त्याले धरणारा माणूस लागते. घरी हाय कोणी?"

"नाही."

"मंग हा लहाना घ्या. फुल एचडी हाय. तिपाईवर उभा करायचा, बाहेरून माइक लावायचा. अन् हा पडदा उलटा फिरवला का स्वतःले पाहता येते."

"स्वतःले पाहून काय करू?"

"थोबाड चौकटीत हाय का नाही, ते पाहा ना भाऊ!"

मग कॉम्प्युटर. मला एक लाल रंगाचा, चपटा लॅपटॉप फारच आवडला होता. भाईंनी कपाळाला हात लावला. "रंग पाहून बैल घेता काय तुमी? एचडी व्हिडिओ म्हणजे जड माल. आठ जीबी रॅममध्ये आज कट मारसान, तो उद्या लागीन. सोळा पाहिजे. आत एसएसडी, अन् व्हिडिओ ठेवायले बाहेरची हार्ड डिस्क वेगळी. लॅपटॉप बाहेरगावी नेणाऱ्याले कामाचा. तुमी कुठी जाता काय?"

"कुठीच नाही."

"मंग डेस्कटॉप. पडदा मोठा, डोळ्याले त्रास नाही."

यंत्र निवडताना माणसाची इतकी झडती होते हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरही एवढं विचारत नाहीत.

डेस्कटॉप जोडून घरी आणून द्यायला भाईंना आठ दिवस लागणार होते. तोवर शूटिंग उरकावं, म्हणून एका दुपारी दुकानाचं शटर ओढून मागच्या राहत्या खोलीत तिपाई मांडली. माझ्या लग्नाची गोष्ट काढली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. मी जोरात सुरुवात केली, दोन वाक्यं बोललो आणि थांबलो. लाल दिवा नुसता पाहत होता. पडदा उलटा फिरवला, तर त्यात एक टक्कल पडलेला माणूस रिकाम्या बाजेसमोर हात वर करून बसलेला. पडदा मिटून टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसलो आणि गोष्ट कशीबशी शेवटाला नेली.

आठव्या दिवशी भाई टेम्पोतून कॉम्प्युटर घेऊन आले. टेबलावर मांडला, कॅमेऱ्यातलं कार्ड त्यात खुपसलं, आणि माझी गोष्ट पडद्यावर आडवी पसरली. खाली आवाजाची हिरवी रेघ: चार डोंगर, मग सपाट मैदान, चार डोंगर, पुन्हा मैदान.

"भाऊ, हे काय हाय? दर वाक्यामागे तीन-चार सेकंद चुपचाप. घडीघडी लाइट जात होती काय?"

मलाही तेव्हाच कळलं. दर वाक्यानंतर मी थांबलो होतो. हुंकाराची वाट पाहत.

भाईंनी मला कट मारायला शिकवलं. दोघांनी मिळून सगळी मैदानं कापली आणि डोंगर जोडले. मग चालवून पाहिलं. पडद्यावरचा मी श्वास न घेता बोलत सुटला होता, मागं कुत्रं लागल्यासारखा. लग्न चार मिनिटांत आटोपलं. ती माझी गोष्टच नव्हती.

"परत होते तसं करता येते काय?" मी विचारलं.

"येते ना. पण काहून? आजकाल पब्लिक तीन सेकंदही थांबत नाही, भाऊ."

"न थांबो. आमच्या घरी तिथं हुंकार असते."

भाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कापलेलं सगळं परत आणलं आणि पहिल्यापासून चालवलं. मी त्यांच्या हातात चहा दिला.

पडद्यावरचा मी सांगू लागला. वऱ्हाड शिरपूर जैनहून धनजला निघालं. वाटेत शेलूबाजारला थांबलं. नवरदेव आडोशाला गेला. बसवाले समजले नवरदेव जीपमध्ये, जीपवाले समजले बसमध्ये. सव्वीस वर्षांत हजारदा सांगितलेली गोष्ट. भाई बशीत चहा ओतत होते, त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

"बस गेली," पडद्यावरचा मी म्हणाला. "जीपही गेली. अन् मी एकटा, मुंडावळ्या बांधून, शेलूबाजारच्या फाट्यावर उभा."

आणि तो थांबला. हिरवी रेघ सपाट झाली. एक सेकंद. दोन. माझी नजर आपोआप खाली गेली, ती भेंड्या घेऊन बसायची तिकडे.

भाईंची बशी ओठांपाशीच राहिली होती. पडद्यावरून नजर न काढता ते बोलून गेले, "हं… मंग?"