पाण्याच्या दिवसाची हजेरी

आमच्या शाळेत एखादा कागद हरवला की तो यशपाल सरांकडे सापडतो. मूळ कागद नव्हे, त्याची झेरॉक्स. मी हिंदी शिकवते, ते भूगोल. अठरा वर्षं आम्ही एकाच शिक्षक-खोलीत समोरासमोर बसतो आहोत, आणि या माणसानं अर्ज दिल्याशिवाय अर्धा दिवस रजा घेतल्याचं मला आठवत नाही. सासरे वारले त्या दिवशीसुद्धा आधी अर्ज आणि मग डोळ्यांना रुमाल. स्कूटरच्या डिकीत बाराही महिने रेनकोट. कुणी काही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बघतो."

मी त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे. पण ते कंजूष नाहीत की आळशीही नाहीत, घाबरट आहेत, आणि त्यांच्या भीतीला कारण आहे. त्यांचे वडील, त्रिंबकराव, एका दवाखान्यात कित्येक वर्षं रोजंदारीवर होते. काम मिळालं तर चूल, नाही तर नाही. ज्या दिवशी ते कायम झाले त्या दिवशी त्यांनी सगळ्या वस्तीला पेढे वाटले आणि पोरांना समोर बसवून सांगितलं, "धंदा ज्याच्या मागं कुनी उभं हाय त्यानं करावा. आपल्या मागं भिंतबी न्हाय. तुमी शिका आन् कायमची नोकरी धरा." पोरं शिकली, नोकरीला लागली. सरांनी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. त्यांची मुलगी कीर्ती पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, दुसऱ्यांदा. सगळं कसं जागच्या जागी होतं.

आणि अशा माणसाला आमच्या मुख्याध्यापिकांनी नववीला उद्योजकता शिकवायला लावली! कारण काय, तर भूगोलाचा पोर्शन वेळेवर पूर्ण होतो म्हणून. तीन दिवसांचं प्रशिक्षण करून सर एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत, "नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे घडवू या." सरांनी त्या ओळीवर बोट ठेवून ते पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"मॅडम, हे बरोबर आहे का?"

"छापलंय म्हणजे असेल."

"मग आमच्या वडिलांनी सांगितलं ते काय होतं?"

माझ्यापुढे चाळीस वह्या तपासायच्या पडल्या होत्या. मी म्हटलं, "त्यांच्या वेळी हे पुस्तक नव्हतं ना." सर हसले नाहीत. पुस्तक उचलून गेले. माणूस मनापासून विचारत होता आणि मी टोमणा मारला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुस्तकात उदाहरणं कुठल्या गावची होती देव जाणे. एक होतं, शेजाऱ्यांची कुत्री फिरवून आणण्याचा व्यवसाय. फरहान नावाचं नववीतलं पोरगं उठून म्हणालं, "सर, कुत्रं आपलंच, आन् त्याला फिरवायला पैशे बी आपनच द्यायचे व्हय?" वर्ग फुटून हसला. सर म्हणाले, "बघतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं आणि साधा गृहपाठ दिला : आपल्या गल्लीतली एक अडचण शोधा आणि तिच्यावर उपाय लिहून आणा.

एक्केचाळीस मुलांपैकी सदतीस जणांनी एकच अडचण लिहिली. पाणी कवा येईल ते कळत न्हाय.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये काही दिवस जातात. दिवस साधारण माहीत असतो, वेळ नसते. त्यामुळे पाण्याच्या दिवशी घरातल्या एकीला नळाशी बसून राहावं लागतं. दवाखान्याची तारीख, पाहुण्यांचं जेवण, सगळं पाण्याचा दिवस विचारून ठरतं. सदतीस जणांनी अडचण लिहिली, पण उपाय लिहिला एकटीनं. तिचं नाव अर्शी.

अर्शी बारकी, तिसऱ्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आई जमीला घरी मशीनवर शाळेच्या गणवेषाच्या कॉलरी शिवते. पाणी सोडणारे बडेसाबचाचा त्यांच्याच गल्लीत राहतात. टाकीवरून फोन आला की लांब लोखंडी चावी सायकलला बांधून निघायचं आणि गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे, हे त्यांचं काम. अर्शीनं लहानपणापासून बघून ठेवलं होतं की नाक्यावरचा व्हॉल्व्ह फिरला की पहिल्या घराला दहा मिनिटांत पाणी येतं आणि शेवटच्या घराला यायला दीड तास लागतो. तिचा उपाय असा : चाचांच्या मागोमाग जायचं, प्रत्येक घराची वेळ काढायची आणि त्या घराला मोबाईलवर कळवायची. ज्या बाईकडे मोबाईल नाही तिचं दार वाजवायचं. घरटी महिन्याला तीस रुपये.

त्या दिवशी यशपाल सर शिक्षक-खोलीत आले ते अक्षरशः उड्या मारत. "मॅडम, तुम्ही ऐकाच!" म्हणून त्यांनी मला तिची वही वाचून दाखवली. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या म्हणे. मी व्हरांड्यातून जाताना ते सांगत होते, "गिऱ्हाईकाला दिलेला शब्द मोडायचा नाही. एकदा मोडला की धंदा संपला."

आणि धंदा खरंच चालला हो. दिवाळीपर्यंत अर्शीकडे साठ घरं झाली. विड्या वळणारी गौरम्मा मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "बाई, तुमच्या शाळंच्या पोरीमुळं माजा माल कारखान्यात येळंवर जातोय. न्हायतर पान्याच्या दिवशी घरातच बसायची की." सरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना चहा पाजला.

मग अर्शी गैरहजर राहायला लागली. आधी आठवड्यातून एकदा. पुढं शेजारच्या गल्लीनं तिला बोलावलं, त्या गल्लीचा पाण्याचा दिवस वेगळा. मग तिसरी गल्ली. जानेवारी उजाडला आणि ती यायचीच बंद झाली.

त्याच आठवड्यात शाळेत दोन कागद आले. दोन्ही वर्गशिक्षकांनी, म्हणजे यशपाल सरांनीच भरायचे. एकात विचारलं होतं, उद्योजकतेच्या कार्यक्रमातून प्रत्यक्ष व्यवसाय सुरू केलेल्या विद्यार्थ्याचं नाव. दुसऱ्यात, शाळाबाह्य झालेल्या विद्यार्थ्याचं नाव. सरांनी सुवाच्य अक्षरात दोन्ही भरले आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर एकच नाव होतं.

"मॅडम, यातलं खोटं कुठलं?"

या वेळी मी वह्या बाजूला सारल्या. मी म्हटलं, "चला, तिच्या घरी जाऊ." सरांनी अर्थातच आधी आम्हा दोघांचा तासाभराच्या परवानगीचा अर्ज दिला.

जमीलाभाभींनी मशीन न थांबवताच आम्हाला खुर्च्या दाखवल्या. पायाशी पांढऱ्या कॉलरींचा ढीग. सरांनी घसा साफ केला.

"भाभी, अर्शी आली नाही तर तिचं नाव पटावरून कमी होईल."

"होऊ द्या की, सर. दहावी करून काय करनार हाय? तुमीच वर्गात सांगितलं म्हनं, नोकरी मागायची न्हाय. मागायचीच न्हाय तर दहावीचा कागद दाखवायचा कुनाला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"धंद्यालाही शिक्षण लागतं, भाभी."

"बडेसाबभाई चौथी शिकलेत. पानी सोडतातच की." भाभींनी दोरा तोडला. "सर, राग मानू नका, विचारते. तुमची पोरगी काय करती?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. मी असते तर बोलले असते. पण ते म्हणाले, "पुण्याला असते. परीक्षा देते. सरकारी नोकरीची."

"मग तिला का न्हाय सांगितलं, धंदा कर म्हनून?"

मशीन थांबलं. फेरी संपवून अर्शी दारात येऊन उभी राहिली होती, हातात मोबाईल, सलवार पोटरीपर्यंत ओली. तिनं ऐकलं होतं.

"भीती वाटते, भाभी," सर म्हणाले. "आमच्या घरात पगार नव्हता तेव्हाचे दिवस मला आठवतात. आई भांडी वाजवायची, शेजाऱ्यांना स्वयंपाक चाललाय असं वाटावं म्हणून. माझ्या मुलीवर तशी वेळ येऊ नये, बस्स."

मी अठरा वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं.

"मलाबी तेच वाटतं की," भाभी हळू आवाजात म्हणाल्या. "ट्रक बंद पडला की हिचे अब्बा महिनाभर घरी येत न्हाईत, पैशेबी येत न्हाईत. आता पोरगी दोन पैशे आनती. ते सोडून द्यायला सांगता मला?"

दोघांना भीती एकाच गोष्टीची होती, आणि तिच्यापायी एकजण पोरीला शाळेकडे ओढत होता आणि दुसरी घराकडे. कुणाचं चूक म्हणावं ते मला कळेना.

तेवढ्यात अर्शी बोलली. "सर, म्हंजे माझं चांगलं न्हवतं का? तुमच्या पोरीला चालत न्हाय ते मला चालतंय म्हनून टाळ्या वाजवल्या का?"

सरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "नाही गं. तुझं फार चांगलं होतं. मी शिकवलं ते बरोबर की चूक, हे मला खरंच कळत नाही. पण तू शाळा सोडावीस असं मी कधी म्हणालो नव्हतो."

"मी कुटं सोडली? मी आले होते की, सर. दोनदा. शेवटच्या घराला एक वाजता पानी पोचलं, मी पळत दीड वाजता वर्गात आले. दोन्ही वेळेला तुमीच परत पाठवलं."

"मी?"

"व्हय. 'उशिरा का? पालकांचा अर्ज आण, मग बस' म्हनाला. अम्मीला मराठी लिहाय येत न्हाय. अब्बा ट्रकवर. कुनाचा अर्ज आनू? गैरहजेरी तर लागलेलीच हाय, मग यायचं कशाला म्हनून येनंच बंद केलं."

सरांचा चेहरा माझ्यानं बघवेना. त्यांना ते आठवतच नव्हतं. उशिरा आलेल्या शंभर पोरांना त्यांनी तसंच परत पाठवलं असेल, त्यात ही दोनदा. तिला शब्द पाळायला शिकवणारे तेच आणि तो पाळून आल्यावर दारातून परत पाठवणारेही तेच. मला त्यांचा संताप आला, आणि लगेच आठवलं की अर्जाशिवाय मीही कुणाला वर्गात घेत नाही.

शाळेत परत आल्यावर सरांनी मुख्याध्यापिकांकडे लेखी विनंती केली, की पाण्याच्या दिवशी जे विद्यार्थी दुपारी येतील त्यांना वर्गात बसू द्यावं आणि हजर धरावं. उत्तर संध्याकाळीच आलं, तेही लेखी. आज एकीला सवलत दिली तर उद्या सगळे मागतील. नियमाबाहेर वागल्यास खुलासा द्यावा लागेल. सरांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. झेरॉक्स काढली नाही. मी म्हटलं, "आता काय?" तर म्हणाले, "कळत नाही." आणि घरी जाताना त्यांनी फरहानच्या हाती जमीलाभाभींना निरोप पाठवला, की अर्शीला कितीही वाजता येऊ दे.

पाण्याचा दिवस गुरुवारी आला. नववीच्या शेजारच्याच वर्गात माझा तास होता. एक वाजून गेला, दीड झाला. पावणेदोन झाले तेव्हा व्हरांड्यात चपलांचा ओला आवाज आला. मी दाराशी गेले. अर्शी नववीच्या उंबऱ्याबाहेर उभी होती, आत जात नव्हती.

"ये, आत ये," सर म्हणाले.

"सर, आज घेताय. पुढच्या पान्याच्या दिवशीबी घ्याल का? तवा परत पाठवनार असला तर मी आत्ताच जाते. मला वेळ काडून यावं लागतंय."

सगळा वर्ग सरांकडे बघत होता. सरांचा हात खिशावर गेला, तिथं तो कागद होता. मला वाटलं, आता हा माणूस "बघतो" म्हणणार आणि ही पोरगी वळून निघून जाणार, कायमची.

"घेईन," सर म्हणाले. खिशावरचा हात त्यांनी खाली घेतला. "पुढच्या वेळी घेईन. त्याच्या पुढच्या वेळीही घेईन. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

अर्शीनं त्यांच्या तोंडाकडे थोडा वेळ नीट बघितलं. मग आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसली आणि दप्तरातून भूगोलाची वही काढली. माझी मुलं मागं दंगा करत होती आणि मी तशीच व्हरांड्यात उभी होते. मला रडू येत होतं, आणि कशाचं येत होतं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.