गुरुजींच्या जीपचं टायमिंग

"मिस्त्री, गाडी चढावर बसली. इंजिन टकटक करून राह्यलं, पाणी उकळलं," किसन गुरुजी फोनवर म्हणाले. नार्नूरला त्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलगी गाडीतच होती. पाहुणे तिकडे ताटकळले होते.

जीपला काय झालं ते मला फोनवरच कळलं. कारण ते मीच केलं होतं.

बेल्यात माझं गॅरेज जुनं. रस्त्यापलीकडचं सायलूचं नवं. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर पोहोचायच्या किंचित आधी प्लगनं ठिणगी द्यावी लागते. ती वेळ म्हणजे टायमिंग. प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर जरासा फिरवला की ती पुढेमागे होते. मी ते कानानं लावायचो. सायलूकडे टायमिंग लाइट होता. एक नंबर प्लगच्या वायरीला त्याचा चिमटा लावला की प्रत्येक ठिणगीला दिवा चमकतो, आणि फिरत्या पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते; ती कुठे दिसते त्यावरून टायमिंग कळतं. ते पाहायला माणसं जमायची. माझा कान पाहायला कोण येणार?

दोन दिवसांपूर्वी गुरुजी माझ्याकडे फक्त प्लगच्या वायरी बदलायला आले होते. जुनी एक काढायची, त्याच जागी नवी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. एक-तीन-चार-दोन हा क्रम चुकला की इंजिन फटाके फोडतं. ते काम मी नीट केलं.

"टायमिंगले हात नोका लावू," गुरुजी म्हणाले. "सायलूनं मस्त लावलं."

ते चहाला गेले आणि मी डिस्ट्रिब्यूटर फिरवला. उभ्या जागी इंजिन चटकन रेस घेऊ लागलं. मला बरं वाटलं. गुरुजींना काही सांगितलं नाही.

ठिणगी फार लवकर पडली की सपाटीवर चालून जातं. चढावर इंजिन ठोके देतं आणि तापतं.

आता अंदाजानं लावायची हिंमत नव्हती. रस्ता ओलांडून सायलूकडे गेलो. त्यानं हातातलं काम सोडलं, लाइट घेतला आणि माझ्या मोटरसायकलवर मागे बसला. "चला दादा," एवढंच म्हणाला.

चढावर जीपपाशी पोहोचून इंजिन थंड होऊ दिलं, पाणी भरलं, मग चालू केलं. उन्हात खूण दिसेना, म्हणून मी टॉवेल धरून सावली केली. खूण बरीच सरकली होती. सायलूनं माझ्याकडे पाहिलं. मग डिस्ट्रिब्यूटर मागे फिरवून बोल्ट आवळला आणि एकेक वायर दाबून पाहिली.

"वायरी झकास बसवल्या," तो म्हणाला.

"पण काऊन झालं हे?" गुरुजींनी विचारलं.

"जुनी गाडी हाय गुरुजी. बोल्ट ढिला झाला, सरकलं."

लाइट पाहून जेवढा जळलो नव्हतो तेवढा मी त्या वाक्यानं जळलो. कामात तो पुढे होताच, आता मला झाकून मनानंही पुढे गेला.

साक्षगंध उशिरा का होईना, पार पडलं. चार दिवसांनी गुरुजी पेढे घेऊन आले.

"बोल्ट ढिला नव्हता," मी म्हणालो. "मी फिरवलं होतं."

"काऊन?"

"तुमी सायलूचं नाव घेतलं म्हणून."

गुरुजी पेढे ठेवून निघून गेले. त्यांची जीप आता पलीकडेच जाते.

मीही टायमिंग लाइट घेतला. पण दुसऱ्यानं लावलेलं टायमिंग नीट चालत असेल, तर हलवत नाही. आणि ती जीप पलीकडे उभी दिसली की मी अजून जळतो. तेव्हा हातात पाना असला, तर तो आधी खाली ठेवतो.